‘लई भारी’ म्हटल्यावर पुढे काय?

मुलांनी मतं देऊन निवडलेले पुरस्कार हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतात, वा, इतकी वर्षं मुलांना कोणी विचारत नव्हतं, आता विचारतात, ही लोकशाहीची शाळाच झाली. दुसरे म्हणतात, कसली लोकशाही, वाहिनीचा धंदा आहे; पोरांच्या बोटाला शाई लावायची आणि आईबापांच्या खिशात हात घालायचा. दोन्ही बाजू मी पुष्कळ वर्षं ऐकतो आहे आणि दोन्ही मला उथळ वाटतात. भांडताना कितीही आवाज चढला तरी मुळातली समजूत दोघांची एकच आहे: मुलाची आवड ही त्याच्या पोटात तयार होऊन बसलेली वस्तू आहे, ती बाहेर काढली की काम झालं. एकाला ती काढून घेणं पुण्याचं वाटतं, दुसऱ्याला पापाचं.

माझं म्हणणं वेगळं आहे. आवड अशी तयार नसते. चार गोष्टी बघून, एकीला दुसरीशी ताडून, शेजारच्याशी वाद घालून ती हळूहळू बनते. मतदानाचा पुरस्कार हे बनणं सुरू होण्याआधीच बेरीज मांडून मोकळा होतो. म्हणून त्यात आवड मोजली जात नाही. ओळख मोजली जाते. मुलांना खरोखर मान द्यायचा असेल तर मतदार करण्याच्या आधी त्यांना परीक्षक करावं लागेल. हे महाग नाही, अशक्य नाही, आणि आमच्या कोल्हापूरसारख्या गावाला तर अजिबात परकं नाही. आता एकेक पायरी चढू.

१. पालेभाजीची वाहिनी

या पुरस्कारांचा उगम अमेरिकेतला. निकेलोडियन ही मुलांची केबल वाहिनी १९७९ साली सुरू झाली. सुरुवातीची निकेलोडियन म्हणजे ताटातली पालेभाजी होती: आईला पसंत, मुलांनी कडेला सारलेली. सोज्ज्वळ, शिकवणारे कार्यक्रम, आणि प्रेक्षक नाहीत. १९८४ नंतर जेराल्डिन लेबॉर्न यांच्याकडे वाहिनीची सूत्रं आली. त्या आधी शिक्षिका होत्या. त्यांनी फ्रेड सायबर्ट आणि ॲलन गुडमन या जोडीला बोलावलं. एमटीव्हीचा चेहरामोहरा घडवण्यात या दोघांचा हात होता. वाहिनीचा रंग नारिंगी झाला, बोधचिन्ह सांडलेल्या रंगासारखं झालं आणि धोरण एका वाक्यात मावेल असं झालं: एका बाजूला आपण मुलं, दुसऱ्या बाजूला ते मोठे.

या धोरणातून १९८७ मध्ये ‘द बिग बॅलट’ नावाचा कार्यक्रम निघाला. सायबर्ट, गुडमन आणि निर्माते ॲल्बी हेक्ट यांची ही कल्पना. ऑस्कर मोठे लोक मोठ्यांना देतात, मग मुलांचा पुरस्कार मुलांनीच का देऊ नये? पुढच्याच वर्षी त्याचं नाव ‘किड्स चॉइस अवॉर्ड्स’ झालं. १९९० पासून विजेत्याच्या हातात फुग्यासारख्या नारिंगी वायुनौकेच्या (ब्लिंपच्या) आकाराचं मानचिन्ह येऊ लागलं. आणि नंतर या सोहळ्याची जी ओळखच होऊन बसली, ती म्हणजे नावाजलेल्या नटनट्यांच्या डोक्यावर ओतला जाणारा हिरवा चिकट राडा, स्लाइम.

या उगमात खोटं काही नाही, हे आधी मान्य करायला हवं. लेबॉर्न यांच्या मंडळींना मुलांची बाजू घ्यायची होती, आणि त्या काळात टीव्हीवर ती कोणी घेत नव्हतं. त्याच वेळी, आपला प्रेक्षक काय बघतो हे वाहिनीला जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळवून देणारा इतका हौशी मार्ग दुसरा नव्हता. बंड आणि बाजार एकाच पाळण्यात वाढले. ‘धंदा आहे’ एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांना यातलं बंड दिसत नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना बाजार.

याच सुमाराची आणखी एक तारीख शेजारी ठेवतो. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याचं बारावं कलम मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याविषयी आहे. ते नीट वाचलं तर दिसतं की कलमाचा भर नुसत्या विचारण्यावर नाही. स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडता आलं पाहिजे आणि त्याच्या वयाला व समजेला धरून त्याला वजन मिळालं पाहिजे, असा त्याचा आशय आहे. पुरस्कार सोहळ्यांनी या कलमातलं मांडणं उचललं. बनवणं तिथेच राहिलं.

२. बेरीज कशाची होते?

१९८८ साली या सोहळ्यात मुलांनी सर्वांत आवडता चित्रपट म्हणून ‘बेव्हर्ली हिल्स कॉप २’ निवडला आणि आवडता नट म्हणून एडी मर्फी. या चित्रपटाला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला सोबत मोठं माणूस असल्याशिवाय चित्रपटगृहात प्रवेश नाही. मोठ्यांच्या विरोधात उभारलेल्या मंचावर मुलांनी मोठ्यांचाच सिनेमा मोठ्यांच्याच गाजलेल्या नटासह वर आणला.

यावर हसणं सोपं आहे, आणि ‘बघा, मुलांना कळत नाही’ म्हणणं त्याहून सोपं. मला त्या मुलांचा दोष दिसत नाही. मतपत्रिका कशी चालते ते बघा. तिच्यावर नाव यायचं तर ते नाव आधीच दूरवर पोचलेलं असावं लागतं, नाहीतर मुलं विचारतील, हा कोण? मग मुलासमोर तीन-चार नावं येतात. त्यातलं सगळं त्याने बघितलेलं नसतं, बघावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. बघितलेलं असतं त्यावर ते खूण करतं. काहीच बघितलेलं नसेल तर ऐकलेलं असतं त्यावर करतं. अशा लाखो खुणांची बेरीज केली की हाती काय येतं? कोणाची जाहिरात किती घरांत पोचली, याचा एक बऱ्यापैकी अचूक आकडा. त्याला निवड म्हणायचं असेल तर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या फलकालाही निवडच म्हणावं लागेल.

पुढे इंटरनेट आलं आणि एकाच मुलाला वाटेल तितक्या वेळा मत देण्याची सोय झाली. तेव्हापासून तर डोकी मोजणंही संपलं. कोणाकडे किती रिकामा वेळ आहे, ते मोजलं जाऊ लागलं.

डिसेंबर २०१३ मध्ये हा सोहळा मुंबईत भारतीय अवतारात झाला. त्याआधी काही वर्षं मराठी घराने मतदानाच्या टीव्हीचा एक मोठा अनुभव घेतला होता, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ झालं. पाच मुलांना ‘पंचरत्न’ हे बिरूद मिळालं, आणि अवघा महाराष्ट्र मोबाइल हातात घेऊन एसएमएस पाठवत बसला. तिथे मुलं मंचावर आणि मतं मोठ्यांची; अमेरिकन सोहळ्याच्या बरोबर उलटं. पण बेरजेचं शास्त्र तेच. मुलं गायली अप्रतिम, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्या हंगामात घराघरांतल्या पोरांनी एक धडा गिरवला: गाणं कसं झालं ते परीक्षक सांगतात, पण जिंकलं कोण ते फोन सांगतो. आमच्या गल्लीत तेव्हा ‘आपल्या भागातला’ आणि ‘त्यांच्या भागातला’ असे तट पडले होते. सुराविषयी फारसं कोणी बोलत नव्हतं.

३. यादीत नसलेलं मूल

मराठी मुलाची अडचण याहून एक पायरी खाली सुरू होते. २००७ मध्ये तमिळमध्ये चुट्टी टीव्ही आली, नंतर तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू आणि मल्याळममध्ये कोचू. दक्षिणेतल्या चारही भाषांना एकाच समूहाने मुलांची स्वतंत्र वाहिनी दिली. निपाणीच्या पलीकडच्या कन्नड घरातल्या मुलाला त्याच्या भाषेतलं चॅनल होतं. निपाणीच्या अलीकडच्या कागलमधलं मराठी मूल ‘मोटू पतलू’ हिंदीत बघून हिंदीत हसत होतं. ते हसू खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या हाती मतपत्रिका दिली तर तिच्यावर त्याच्या भाषेतलं, त्याच्या गावासारख्या गावातलं काही असणारच नाही, आणि जे यादीत नाही त्याला मत देता येत नाही. मुलांसाठी मराठीत आधी पुरेसं काही घडवा, मग त्यातलं निवडायला सांगा, हा क्रम इतका साधा आहे की तो सांगायची लाज वाटते.

असं काही घडतच नाही असंही नाही.

४. अकरा मुलं आणि एक मराठी सिनेमा

फेब्रुवारी २०१४. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मुलांसाठीचा एक विभाग असतो, ‘जनरेशन केप्लस’. त्यात एक पुरस्कार मुलांचं परीक्षक मंडळ देतं: अकरा ते चौदा वयाची अकरा मुलं. त्या वर्षी त्यांचा ‘क्रिस्टल बेअर’ अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला मिळाला.

‘किल्ला’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल. वडील गेलेले. आईची बदली कोकणातल्या गावी. पुण्याहून आलेला सातवीतला चिन्मय. नवी शाळा, नवे मित्र, पाऊस, समुद्र, सायकलची शर्यत, आणि मित्रांनी किल्ल्यावर एकट्याला सोडून निघून जाणं. गाणी नाहीत, खलनायक नाही, शेवटी टाळ्या वाजतील असं काही घडत नाही. आईचा चेहरा काही न बोलता बराच वेळ पडद्यावर राहतो. ‘मुलांना असलं संथ झेपत नाही’ हे आपल्याकडचं ब्रह्मवाक्य घेऊन बसलात तर हा सिनेमा मुलांच्या मतदानात चौथ्या क्रमांकावरही येणार नाही. मराठीचा गंध नसलेल्या मुलांनी तो उचलून वर ठेवला.

ती मुलं आपल्यापेक्षा हुशार होती का? मला तसं वाटत नाही. फरक पद्धतीत होता. त्यांनी विभागातले सगळे चित्रपट पाहिले होते. एकेकटं मोबाइलवर नाही, अंधारात, शेजारी इतर मुलं असताना. मग ती बसून बोलली, आणि निर्णय का घेतला ते त्यांना शब्दांत मांडावं लागलं. सगळं बघणं, एकत्र बघणं आणि कारण देणं, या तिन्ही गोष्टी मतपेटीच्या सोहळ्यात नसतात.

ही पद्धत बर्लिनचा शोध नाही. इटलीत जिफोनी या लहानशा गावात १९७१ पासून मुलांच्या परीक्षणावरच सगळा महोत्सव उभा आहे. आपल्याकडेही होतं. १९५५ मध्ये बाल चित्र समिती स्थापन झाली. १९७९ पासून तिचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला, ‘गोल्डन एलिफंट’ हे त्याचं मानचिन्ह, आणि त्यात मोठ्यांच्या बरोबरीने मुलांचंही परीक्षक मंडळ असे. २०२२ मध्ये ही समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्यावर किती अग्रलेख आले ते आठवून पाहा.

पोलंडमधली एक गोष्ट जाता जाता. पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराला वळीवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात इथल्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात मुलं बरीच होती. त्या देशात १९६८ पासून ‘हास्याचा सन्मान’ दिला जातो. मोठ्या माणसाचं नाव मुलांनीच सुचवायचं असतं, आणि सन्मान घेताना त्या मोठ्याने पेलाभर लिंबाचा रस तोंड वाकडं न करता प्यायचा असतो. स्लाइमइतकीच गंमत. पण त्या गमतीच्या आधी कोणीतरी पोराने हा माणूस का, हे सांगितलेलं असतं.

५. ‘माहीत नाही’ची शिक्षा

स्लाइमचा मूळ किस्सा फार जणांना ठाऊक नसतो. तो निकेलोडियनचा शोध नाही. कॅनडातल्या ओटावा इथे १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका विनोदी मालिकेतून तो आला. त्या मालिकेत नियम असा होता की एखादं मूल ‘मला माहीत नाही’ असं म्हणालं की वरून हिरवा राडा पडणार. मालिकेपुरता तो विनोद झकास होता, शाळेतल्या धाकाची टिंगल होती ती. पण पुढे त्याच राड्याच्या छत्राखाली मुलांचा कौल घेणारा सोहळा उभा राहिला, आणि त्याच्या मतपत्रिकेवर ‘माहीत नाही’ला जागाच नाही, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. कारण परीक्षण सुरू होतं ते तिथूनच.

आमच्या शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मी एकदा पाचवीच्या मुलांना १९५६ चा ‘द रेड बलून’ दाखवला. जवळपास शब्दांवाचूनचा, चौतीस मिनिटांचा फ्रेंच सिनेमा. संपल्यावर विचारलं, कसा वाटला? एकसुरात उत्तर आलं, “लई भारी!” किती जणांना आवडला? सगळे हात वर. पण हात वर जाताना मी बघत होतो. पहिल्या बाकावरचा एक हात ताडकन गेला, त्याला बघून शेजारचा, मग एक लाट मागच्या भिंतीपर्यंत. खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीने आधी मागे वळून पाहिलं, मग कोपरापासून अर्धाच हात वर केला.

मग मुलांना वहीच्या पानाचे अर्धे तुकडे फाडायला सांगितले. आवडलं की नाही ते लिहू नका, न समजलेलं एक काहीतरी लिहा. वर्गात आवाज बंद झाला. पाच मिनिटांनी चिठ्ठ्या आल्या. बऱ्याच कोऱ्या, काहींवर पुन्हा ‘लई भारी’. पण एकीवर होतं: “फुगा मेला ते बाकीच्या फुग्यांना कसं कळालं?” दुसरीवर, त्या पोराच्या घरात कोण कोण आहे ते दाखवलंच नाही. तिसरीवर, मारणारी पोरं वाईट नव्हती, त्यांना पण फुगा पाहिजे होता.

सिनेमाविषयी इतकं नेमकं बोलणारे मोठे मला क्वचित भेटतात. ही मुलं दहा मिनिटांपूर्वी एका आवाजात ‘लई भारी’ म्हणत होती, आणि ती तेव्हाही खोटं बोलत नव्हती. ‘लई भारी’, ‘नाद खुळा’ हे आमचे लाडके शब्द, त्यात प्रेम आहे. पण ते उच्चारले की बोलणं संपतं. मतपत्रिकेवरची खूण तशीच असते. तिच्यानंतर मुलाला आणखी काही सांगायचं आहे का, हे कोणी विचारत नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: अहो, मजा आहे, घेऊ द्या की पोरांना. जरूर. स्लाइम उडवा, नाचा, आवडत्या हिरोला बघून किंचाळा. माझी तक्रार त्या मजेशी नाही. तिला ‘मुलांचा कौल’ असं भारदस्त नाव देऊन, मुलांना विचारून झालं असं समजण्याशी आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. अकरा मुलं परीक्षक आणि लाखो मुलं मतदार. म्हणजे मी अभिजनांची बाजू घेतो आहे, लोकशाहीच्या विरोधात जातो आहे. इंग्रजी शाळेतली, वाचणारी, बोलकी मुलं मंडळात बसणार आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हा धोका खरा आहे, मी तो झटकत नाही. पण पुष्कळांची जाण तयार होऊच शकत नाही, असं जे या आक्षेपात गृहीत धरलेलं असतं, ते कोल्हापुरात तरी कोणी धरू नये.

खासबागेत जाऊन बसा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेलं हे कुस्तीचं मैदान. हलगी कडाडते, शड्डू घुमतात, हजारो माणसं चढत्या पायऱ्यांवर बसलेली. हमाल, शेतकरी, रिक्षावाले, मास्तर. एखाद्याने ढाक लावायला घेतली की पायऱ्यांवरचा पुटपुटाट आधी बदलतो, डाव नंतर पूर्ण होतो. दोन नावाजलेले मल्ल नुसते एकमेकांच्या मानेवर हात टाकून वेळ काढू लागले तर नाव कितीही मोठं असो, लोक हुर्यो उडवतात. आणि हरलेल्या पोराने शेवटपर्यंत जीव लावला असेल तर त्याच्याही हातात नोटा पडतात. हा अभिजनांचा गट नाही. तरी तिथे नावाला मत मिळत नाही, कुस्तीला मिळतं. का? कारण यातल्या पुष्कळांनी लहानपणी तालमीच्या दारात उभं राहून पाहिलेलं असतं, वस्ताद काय ओरडतो ते ऐकलेलं असतं, थोडी लाल माती अंगाला लागलेली असते. जाण अशी गर्दीलाही येते. फक्त ती मतपेटीतून येत नाही, बघण्यातून येते. आणि मंडळातली मुलं दर वर्षी चिठ्ठ्या टाकून, सगळ्या प्रकारच्या शाळांतून घेता येतात. त्याला हुशार पोरांची यादी लागत नाही.

तिसरा आक्षेप: मोठ्यांच्या परीक्षक मंडळांपेक्षा मुलांचं मतदान परवडलं. इथे मी बऱ्याच अंशी शरण जातो. ‘सर्वोत्कृष्ट बालचित्रपट’ मोठेच ठरवतात, बालसाहित्याचे पुरस्कार मोठेच मोठ्यांना देतात, बालनाट्य स्पर्धांच्या पहिल्या रांगेत मोठेच गुणपत्रिका घेऊन बसतात. कधी निवड चांगली होते. २०१४ साठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘एलिझाबेथ एकादशी’ तमिळ ‘काका मुट्टई’च्या जोडीने आला, त्याबद्दल कोण तक्रार करील? पण एरवी मोठ्यांना मुलांच्या कलाकृतीत संस्कार शोधायची खोड असते. लेबॉर्न यांच्या मंडळींचं बंड याच खोडीविरुद्ध होतं आणि ते योग्य होतं. बंडानंतर त्यांनी जे हत्यार उचललं ते बोथट होतं, एवढंच मी म्हणतो.

चौथा: बर्लिनमध्येही विभागातले सिनेमे मोठेच निवडतात, मग फरक काय राहिला? यादी दोन्हीकडे मोठ्यांचीच, हे खरं. पण बर्लिनच्या मुलाने यादीतलं सगळं बघितलेलं असतं, म्हणून ते यादी करणाऱ्यालाही नावं ठेवू शकतं. मतपत्रिकेवरच्या मुलाला तो अधिकार वापरताच येत नाही. न बघितलेल्या गोष्टीबद्दल ते काय बोलणार?

७. दसरा चौकातून

आता गावाकडे. १९१७ साली करवीर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच वर्षी बाबूराव पेंटरांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा जन्मही इथलाच. शाळा आणि सिनेमा या गावात जवळजवळ एकाच श्वासात आले, पण शंभर वर्षांत त्यांची भेट मात्र फार थोडी झाली.

जिथे झाली ते ठिकाण म्हणजे दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. ‘चिल्लर पार्टी’ ही विद्यार्थी चित्रपट चळवळ दहाहून अधिक वर्षं मुलांना जगभरचे बालचित्रपट मोफत दाखवते आहे. तिकीट नाही, मतदान नाही, मानचिन्ह नाही. माझ्या दृष्टीने मुलांच्या पुरस्काराची अर्धी इमारत इथे आधीच उभी आहे, आणि तीही अवघड अर्धी. मुलं येतात, अंधारात एकत्र बसतात, आपल्या भाषेतलं नसलेलं काही बघतात.

उरलेली अर्धी अशी. वर्षात मराठीत मुलांसाठी, किंवा मुलांविषयी, जे चार-सहा बरे सिनेमे, लघुपट, मालिका निघतात ते सगळे एका मंडळाने पाहायचे. पंधरा मुलं, महानगरपालिकेच्या शाळेतली, खासगी शाळेतली, करवीर तालुक्यातल्या खेड्यांतली. प्रत्येक खेळानंतर आधी न समजलेल्याच्या चिठ्ठ्या, मग गप्पा. मोठ्यांनी त्या खोलीत फक्त चहा-बिस्किटांपुरतं यायचं. शेवटी निकाल आणि त्याबरोबर मुलांनी लिहिलेलं एक पान: हाच का, आणि दुसरा का नाही. हे पान पुरस्कारापेक्षा मोठं मानायचं. शाळाशाळांत हल्ली विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या निवडणुका होतात, मोबाइलवर मतदान यंत्र, बोटाला शाई, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री. निवडून आल्यावर त्या मंत्र्याने करायचं काय, हे बहुतेक ठिकाणी कोणाला सुचलेलं नसतं. तो उत्साह इकडे वळवता येईल.

एक शेवटची शंका मीच मला विचारतो. समजा, सगळं बघून, भांडून, पान लिहून झाल्यावरही या पंधरा मुलांनी मारधाडीचा, मला अजिबात न रुचलेला सिनेमा निवडला तर? तर पुरस्कार त्यालाच द्यायचा, कुरकुर न करता, आणि त्यांचं ते पान मंचावरून मोठ्याने वाचायचं. १९८८ च्या त्या अमेरिकन पोरांना एडी मर्फीच्या पोलिसात काय दिसलं होतं, हे मला अजूनही जाणून घ्यावंसं वाटतं. वरिष्ठांना न जुमानणारा, तोंडाने सगळ्यांना गुंडाळणारा, आणि तरी शेवटी खरा ठरणारा माणूस? असेल कदाचित. त्यांच्या मतपत्रिकेवर ते लिहायला ओळ नव्हती.